गेम कुठून घेता आणि कुठून मुद्दाम घेत नाही? (खान्देशकरांचे अनुभव)

भाच्याला बारावीनंतर पीसी घेऊन दिला. त्याचा पहिलाच प्रश्न, "मामा, गेम स्टीमवर घेऊ, एपिकवर घेऊ, की तुमच्या त्या पेनड्राइव्हवाल्याकडून आणू?" (स्टीम, एपिक ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं.) मी कितीतरी वर्षं स्टीमवर आहे, पण का आहे हे सांगायला गेलो तर "सेलमध्ये स्वस्त पडतं" याच्यापुढे गाडी जाईना.

म्हणून हा धागा. यूट्यूबवर याच्या तुलना ढिगाने आहेत, पण त्या करणाऱ्यांच्या घरी फायबर आणि चोवीस तास वीज असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कारणं वेगळी निघतील असा माझा अंदाज. स्टीम, एपिक, जीओजी, प्लेस्टेशन, डिस्क, काहीही चालेल. फक्त "अमुक भारी, तमुक भंगार" एवढंच लिहून पळू नका. कोणाशी भांडण झालं असेल तर नाव न घेता लिहा, प्रसंग पुरे.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

आमची पिढी सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने काउंटर-स्ट्राइक खेळलेली. गेम विकत घ्यायचा असतो हेच आधी माहीत नव्हतं. सीडी यायची, तिच्यावर मार्करने नाव लिहिलेलं असायचं, आणि ती कॉलनीभर फिरून ओरखडे पडेपर्यंत चालायची.

मग एका मित्राने मुंबईहून एका गाजलेल्या गेमचा खराखुरा डबा आणला. सगळे त्याच्या घरी जमलो. डिस्क घातली, इन्स्टॉल झालं, आणि स्क्रीनवर आलं की आता नेट जोडा, खातं उघडा, मगच गेम चालू होईल. त्याच्याकडे डायल-अप. नेट लावलं की फोन अडकायचा, आणि वडील गार्ड असल्यामुळे ड्यूटीचा निरोप कधीही यायचा. वडिलांनी वायरच काढून ठेवली. पैसे मोजून आणलेला डबा टीव्हीशेजारी शोभेला राहिला आणि आम्ही पुन्हा मार्करवाल्या सीडीकडे वळलो.

तेव्हापासून मी एकच बघतो: नेट नसताना चालेल का? म्हणून माझी बहुतेक खरेदी जीओजीवर. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये हे दुकान जुन्या गेमसाठी काढलं. इथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून घेता येते. ती हार्ड डिस्कवर टाकली की पुढे ना खातं लागतं, ना परवानगी. नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात, काही येतच नाहीत. मला तशी घाई नाही.

स्टीमवरही ऑफलाइन मोड आहे, नाही असं नाही. पण त्या मशीनवर आधी एकदा ऑनलाइन लॉगिन झालेलं लागतं आणि गेम पूर्ण अपडेट झालेला लागतो. गाडीत बसल्यावर हे आठवून काय उपयोग?

केळीवाला, रावेर

काका, मळ्यात राहून बघा, मग ऑफलाइन म्हणजे काय ते कळेल.

आमच्याकडे फायबर गावठाणापर्यंत येऊन थांबलंय. मोबाइलच्या डेटावर रोजचा कोटा ठरलेला. आणि आजकाल गेम १०० जीबीच्या पुढे. रेड डेड रिडेम्प्शन २ ला तर १५० जीबी जागा लागते. रोजच्या दोन जीबीने तो उतरवायला बसलो तर केळीचा घड कापणीला येईल.

तरीही मी स्टीमवरच घेतो, आणि कारण ऐकून तुम्हाला हसू येईल: कारण तो गेम कॉपी करता येतो! पुण्याचा चुलतभाऊ दिवाळीला येतो तेव्हा सोबत एसएसडी आणतो. गेम मी माझ्या खात्यावर विकत घेतलेला असतो. त्याच्याकडे तोच गेम असेल तर त्याच्या 'स्टीमअ‍ॅप्स'मधल्या 'कॉमन' फोल्डरमधून गेमचं अख्खं फोल्डर उचलायचं, माझ्या पीसीवर त्याच जागी टाकायचं, आणि मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं. तो आधी "असलेल्या फाइल शोधतोय" असं दाखवतो, मग जेवढं कमी असेल तेवढंच नेटवरून ओढतो. शंभर जीबीचं काम कधीकधी शंभर एमबीत भागतं. भो, पहिल्यांदा जमलं तेव्हा मी मळ्यातून ओरडत घरात आलो होतो. आईला वाटलं साप निघाला.

दुसरी सोय म्हणजे लाइट गेली तरी डाउनलोड वाया जात नाही, पुढून सुरू होतं. अपडेटची वेळही ठरवून देता येते. मी ती पहाटेची ठेवली आहे, तेव्हा टॉवरवर गर्दी नसते.

मार्केटमधला दुरुस्तीवाला, जळगाव

फुकटच्या गेमबद्दल मी लिहितो, कारण त्याचं बिल शेवटी माझ्या टेबलावर येतं.

उन्हाळ्यात, जळगावचा पारा ४५ कडे सरकला की "पीसी तापतोय, पंखा बदलून द्या" म्हणून पोरं येतात. पंखा बहुतेक वेळा चांगला असतो. मी मशीन चालू करून काहीही न उघडता पाच मिनिटं तसंच ठेवतो. गेम बंद, ब्राउझर बंद, आणि पंखा मात्र भरधाव. टास्क मॅनेजर उघडावं तर वापर एकदम खाली येतो, बंद केलं की परत पंख्याचा आवाज चढतो. म्हणजे आत कोणीतरी लपून बसलंय, आणि टास्क मॅनेजर उघडला की त्याला कळतं. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या गेमबरोबर आलेला मायनर, आपल्या मशीनवर चोरून क्रिप्टो कमावणारा प्रोग्राम. दुसऱ्याची क्रिप्टो, आपल्या बापाचं वीजबिल.

पोराला विचारलं की उत्तर ठरलेलं: "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं, म्हणून केला." अरे, चोराने सांगितलं दार उघडं ठेव, म्हणून ठेवलंस?

अर्ध्या किमतीत गेमची 'की' (खात्यात टाकला की गेम मिळतो तो कोड) विकणाऱ्या साइटही तशाच. एका गिऱ्हाइकाने घेतलेली की काही दिवसांनी खात्यातून गायब झाली. ती कोणाच्या तरी चोरलेल्या कार्डावर घेतलेली निघाली म्हणे. मी कोणाला शहाणपण शिकवत नाही, फॉरमॅटचे पैसे घेतो आणि गप्प बसतो. पण विचारलंच तर सांगतो: पैसे नसतील तर सेलची वाट पाहा, नाहीतर एपिकवर फुकटात मिळतंय ते घ्या.

हॉस्टेल, शिरपूर

एपिकचं नाव निघालंच आहे तर, मे २०२० मध्ये तिथे जीटीए ५ फुकट मिळाला होता. लॉकडाऊनमध्ये आमच्या अख्ख्या वर्गाने तेव्हाच खाती उघडली. कार्ड लागलं नाही. आजही गुरुवारी रात्री कोणीतरी ग्रुपवर "नवीन गेम आला, घेऊन टाका" असं टाकतो. लायब्ररी भरलेली, उघडलेले चारदोनच.

पैसे देऊन मात्र तिथे काही घेतलं नाही. मित्र स्टीमवर, रिव्ह्यू स्टीमवर, मॉड (खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल) स्टीमवर. आणि २०२३ पासून स्टीमवर एकाच नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीतून गेम ओढता येतो. हॉस्टेलच्या वाय-फायवर एकाने उतरवला की बाकीचे त्याच्याकडून घेतात. प्रत्येकाने विकत घेतलेला असावा लागतो, एवढंच. रावेरवाल्या दादाच्या एसएसडीचंच काम, फक्त दिवाळीची वाट पाहावी लागत नाही.

आई, धुळे

मी खेळत नाही, पैसे देते. त्यामुळे मलाही बोलायचा हक्क आहे असं धरते.

मुलगा नववीत. मोबाइलवरच्या एका फुकट गेममध्ये त्याने आमच्या नकळत बंदुकीचे रंग विकत घेतले होते. गेम फुकट आणि रंगाला पैसे! तेव्हापासून मोबाइलवरची खरेदी पूर्ण बंद. पीसीवर घेऊ दिलं याचं कारण साधं आहे. एक किंमत, एकदाच द्यायची, आणि रुपयात दिसणारी. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, आणि यूपीआय चालतं. कार्ड मी कुठेच साठवून ठेवत नाही. वाढदिवसाला, दिवाळीला हातावर पडलेले पैसे तो मला देतो, मी तेवढेच वॉलेटमध्ये टाकते. संपले की संपले.

परतावा मिळतो हे मला फार आवडलं. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. आता तो घड्याळ लावून खेळतो, दोन तास व्हायच्या आत थांबतो आणि मग घरात सुनावणी होते: ठेवायचा की परत करायचा. २०२४ मध्ये आलेल्या स्टीम फॅमिलीजमध्ये मुलाचं खातं जोडलं आहे, त्यात खेळायची वेळ बांधून देता येते आणि खरेदीची विनंती माझ्याकडे येते.

सासरे मात्र अजून तयार नाहीत. त्यांच्या लेखी पैसे देऊन खेळणं म्हणजे जुगार. "पैसा दीसन काय खेळस रे पोऱ्या?" हे रोजचं. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला तेव्हा पेपर घेऊन माझ्यासमोर आले, "बघ, सरकारनेही बंद केलं." तो रमीसारख्या गोष्टींसाठी आहे, याच्यासाठी नाही, हे मी दोनदा समजावलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) हेच गृहस्थ पारावर दिवसभर पत्त्यांत बसलेले असतात, आणि तिथे काय लावलेलं असतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

डिस्कवाला, नंदुरबार

मी प्लेस्टेशनवर, आणि जाणूनबुजून डिस्कवाला. नवीन डिस्क घेतो, संपवतो, विकतो. नंदुरबार, शहादा, दोंडाईचा मिळून आमचा छोटा गट आहे. डिस्क एसटीच्या पार्सलने जाते. एका डिस्कवर चार जण खेळतात आणि शेवटी प्रत्येकाला गेम पाव किमतीत पडतो. डिजिटल घेतला तर तो माझ्या खात्यालाच चिकटला, ना विकता येतो, ना मेहुण्याला देता येतो. म्हणून ड्राइव्ह नसलेला पीएस ५ स्वस्त असूनही घेतला नाही.

हल्ली डिस्क घातल्यावरही मोठं अपडेट ओढतं, हे मान्य. पण पुढे विकता तर येते.

वकील, पाचोरा

नंदुरबारच्या भाऊंनी मुद्द्याला हात घातला. डिजिटल दुकानात तुम्ही वापरायचा परवाना घेता, वस्तू नाही. एसटीचा पास काढला म्हणून एसटी आपली होत नाही. कॅलिफोर्नियात याबद्दल कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमने खरेदीच्या पानावरच हे स्पष्ट लिहायला सुरुवात केली. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे मृत्युपत्रात लिहूनही उपयोग नाही.

परवाना जातो म्हणजे काय होतं, याचं जाहीर उदाहरण आहे. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांचाही गेम गेला. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. तेव्हा डिस्क हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गेम सर्व्हरवर किती अवलंबून आहे ते आधी बघा.

मी स्वतः? स्टीमवर भरपूर घेतो. उन्हाळी सेलमध्ये कलमं कोण वाचतं!

अमळनेरची, गेम बनवणारी

काउंटरच्या पलीकडून थोडं. मी एकटीने एक छोटा कोड्यांचा गेम केला. आधी इच.आयओवर टाकला, कारण तिथे प्रवेश फुकट आणि दुकानाचा हिस्सा किती ते आपणच ठरवायचं. कौतुक झालं, पैसे चहापुरते. मग स्टीमवर टाकला. तिथे प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, आणि गेमची कमाई १००० डॉलरच्या वर गेली तर ते परत मिळतात. विक्रीतला ३० टक्के हिस्सा स्टीमचा. एपिक जून २०२५ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही, त्याच्या वर १२ टक्केच.

हिशेबाने मी एपिकला जायला हवं. पण गिऱ्हाईक स्टीमवर आहे. लोक विशलिस्टमध्ये टाकून ठेवतात आणि सेल लागला की त्यांना मेल जातो, ही जाहिरात मला बाहेर कुठेही त्या पैशात मिळणार नाही. म्हणून तीस टक्के कुरकुरत देते. तुम्ही कुठूनही घ्या, फक्त घेतल्यावर दोन ओळींचा रिव्ह्यू टाका. लहान गेमला त्याचा फार उपयोग होतो.

जुना पीसी, चाळीसगाव

माझं मशीन विंडोज ७ चं. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा पाठिंबा थांबवला. नवीन मशीन घेण्याऐवजी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं, आणि जुने गेम व्यवस्थित चालतात. स्टीममध्येच प्रोटॉन नावाची सोय आहे, ती विंडोजचे गेम लिनक्सवर चालवते. सगळे नाही, फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम अडतात.

रावेरवाल्या भाऊंना विचारायचं होतं, ते फोल्डर उचलायचं एपिकला जमतं का? भाचीच्या मशीनवर एपिक आहे.

केळीवाला, रावेर

जमतं, पण सरळ टाकून नाही. एपिकवर आधी इन्स्टॉल सुरू करा, एकदोन टक्के झालं की थांबवा आणि लाँचर (एपिकचं अ‍ॅप) पूर्ण बंद करा. मग आणलेलं फोल्डर त्याच नावाच्या नव्या फोल्डरवर टाका आणि लाँचर उघडून पुढे चालू करा. तो फाइल तपासत बसेल, वेळ लागतो, मध्ये बंद करू नका. आणि ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या. फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि हे नेमकं पुण्याहून निघाल्यावर कळतं.