जुन्या गाडीत पेट्रोलचा वास अन् खाली ऑइलचे डाग, इंजिन उतरवावंच लागेल का?

मानेवाडाकर
नमस्कार मंडळी. बाबांची 2006 ची पेट्रोल गाडी आहे, एमपीएफआय (म्हणजे कार्बुरेटर नाही, इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), 1 लाख 12 हजार किमी झालेली. बाबा गेल्यापासून मीच चालवतो, विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. दोन महिन्यांपासून दोन त्रास सोबतच सुरू झाले. एक म्हणजे पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढे दोन-तीन ऑइलचे डाग, आणि रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर उभं राहिलं की बॉनेटकडून जळकट वास. दुसरं म्हणजे गाडीत पेट्रोलचा वास येऊन राहिला, रोज नाही येत पण आला की डोकं धरतं, आई तर मागे बसायला नाहीच म्हणते. एका गॅरेजमध्ये चेंबरचं (इंजिनखालच्या ऑइलच्या तबकाचं) पॅकिंग बदललं, पैसे गेले, डाग तसेच. दुसरा म्हणतो मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, जमलं तर इंजिनच खाली घेऊ, अन् पेट्रोलच्या वासाबद्दल म्हणतो जुन्या गाडीत येतोच. खरंच येतो का हो? कुठून पाहायला सुरुवात करू?

वर्धारोडवाली
नाही, येत नाही. जुनी असो नवी असो, आत पेट्रोलचा वास येतो म्हणजे कुठून तरी पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडून राहिली आहे. ऑइलचं आठ दिवस थांबेल, हे थांबणार नाही, म्हणून आधी हेच बघा आणि तोवर आईंना गाडीत बसवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, फरशीलगत साचून राहते. तुमच्या पार्किंगमध्ये इन्व्हर्टर, पाण्याची मोटर किंवा तुळशीजवळचा दिवा असेल तर गाडी तिथून बाहेर काढून उघड्यावर लावा, आजच.

आता वास कधी येतो ते नीट आठवून सांगा. टाकी फुल केल्यावर येतो की अर्ध्या टाकीलाही? सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर की उन्हात उभी राहिल्यावर? मागच्या सीटवर जास्त की पुढे एसीच्या जाळीतून? माझ्या 2004 च्या गाडीत फक्त फुल टाकीला यायचा आणि तोही मागेच. टाकीतल्या पंपाच्या वर एक रबरी रिंग असते, ती कडक होऊन चिरली होती. टाकी अर्धी असली की पेट्रोल तिथपर्यंत पोचतच नाही, फुल केली अन् वळण किंवा चढ आला की तिथून झिरपतं, म्हणून कित्येक दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. काही गाड्यांत मागच्या सीटखालीच पंपाचं झाकण असतं, काहींत टाकी उतरवावी लागते. टाकीच्या तोंडापासून खाली जाणारी जाड रबरी नळीही तशीच चिरते, तीही बघा.

लोक आता सगळं ई-20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ढकलतात. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही हे खरं आहे, 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं, पण नागपूरच्या 45 डिग्रीत अठरा-वीस उन्हाळे काढलेली नळी तशीही बिस्किटासारखी झालेली असते. कारण काही का असेना, ती बदलायचीच.

हिंगणा रोड मिस्तरी
ताईंनी बरोबर सांगितलं. पुढून वास येत असेल तं इंजेक्टरच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरले पेट्रोल पुरवणाऱ्या दांडीवर, पाह्यजा. चावी ऑन करा, स्टार्ट नका करू, पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरते, तेवढ्यात टॉर्च मारून नळीचे सांधे अन् इंजेक्टरच्या ओ-रिंगा (गोल रबरी रिंगा) ओल्या होतात का ते दिसते. टॉर्च बॅटरीचीच पाह्यजे, लायटर-माचीस चुकूनही नाही. अन् नळी घेताना इंजेक्शनच्या गाडीचीच मागजा, काहून का तिथं तीन बारच्या आसपास प्रेशर असते, कार्बुरेटरवाली साधी नळी अन् साधी क्लिप टिकत नाही. खोलायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडू द्या म्हणजे प्रेशर उतरते, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच पाना लावा.

आता ऑइलचं. भाऊ, इंजिन उतरवू नका इतक्यात. माझ्या 22 वर्षांत मागचं सील म्हणून आलेल्या गाड्यांत निम्म्याच्या वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाच्या) पॅकिंगच्या निघाल्या. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल हेडवरून खाली उतरते, गिअरबॉक्सच्या सांध्यावर येते अन् तिथून टपकते, खालून पाहणाऱ्याले वाटते सीलच गेलं. तुमचा सिग्नलवरचा जळकट वास पण त्याचीच खूण आहे, ऑइल गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडते अन् जळते. खालच्या सीलचं ऑइल तिथं चढणार कसं?

तं असं करा, इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून धुवून घेजा, पण डिस्ट्रिब्युटर (प्लगांले करंट वाटणारा), कॉइल अन् वायरीचे जोड आधी प्लास्टिकनं बांधजा. सुकलं का जिथं शंका आहे तिथं टाल्कम पावडर भुरभुरा, वीस-पंचवीस किमी फिरवून आणा, अन् वरून खाली पाहत या. पावडरीवर जिथं सगळ्यात वर ओली रेघ दिसेल ते मूळ, बाकी खाली सगळा ओघळ. रात्री खाली वर्तमानपत्र टाका अन् चाकाच्या जागी खूण करा, डाग इंजिनच्या कोणत्या बाजूले पडतो ते समजते. डाग बोटावर घेऊन हुंगून पण पाहा, गिअर ऑइल जाड असते अन् गंधकासारखं घाण वास मारते.

एक गोष्ट कोणी पाहत नाही, पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनच्या आतली कोंडलेली हवा बाहेर ओढून घेणारा. तो काजळीनं चोक झाला का इंजिनच्या आतली हवा कोंडते अन् ऑइल नवं पॅकिंगही ढकलून बाहेर येते. काढून कानाशी हलवा, खटखट वाजला पाह्यजे. इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर अंगठा लावला तं ओढ लागली पाह्यजे. नाही लागली तं आधी तो बदला, मग पॅकिंग.

मानेवाडाकर
उशिरा लिहितोय, माफ करा. रविवारी सगळं केलं. वास फुल टाकीचाच निघाला, मी दर वेळी फुलच करायचो म्हणून कळत नव्हतं. सीट काढली तर झाकणाखाली पंपाच्या रिंगभोवती धूळ ओली होऊन चिखलासारखी बसली होती, बोट लावलं तर पेट्रोल. रिंग बदलली, टाकीच्या तोंडाची नळीही दोन जागी चिरलेली होती, तीही नवी टाकली. काल फुल करून बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो, आई मागे बसली होती, वास नाही.

पावडरीवर रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातूनच निघाली, अगदी तुम्ही म्हणालात तशी. पीसीव्ही वाजतच नव्हता. दोन्ही बदलून चार दिवस झाले, वर्तमानपत्रावर आता वाटाण्याएवढा एकच थेंब, तोही डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला. हे काय असेल?

हिंगणा रोड मिस्तरी
डिस्ट्रिब्युटरच्या मानेची ओ-रिंग. स्वस्तात होते. काढायच्या आधी बॉडीवर अन् हेडवर खिळ्यानं एक सरळ रेघ मारून ठेवजा अन् त्याच्या आतल्या फिरणाऱ्या रोटरचं तोंड कुठं आहे त्याचा फोटो काढजा, नाही तं ठिणगीचं टायमिंग हलते. अन् डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) एकदा हुंगून पाह्यजा, ऑइलले पेट्रोलचा वास असेल किंवा लेव्हल आपोआप वर चढली असेल तं एखादा इंजेक्टर गळून राहिला, मग गाडी चालवू नका, आधी ते पाहू.

मानेवाडाकर
हुंगलं भाऊ, ऑइलला फक्त ऑइलचाच वास आहे. लेव्हलही जागेवर. ओ-रिंग या रविवारी.