मुंबईने दरवर्षी रणजी करंडक जिंकावा, ही अपेक्षा आजही रास्त आहे का?

प्रश्न : मैदानकट्टा

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले, तेव्हा आमच्या परिचितांमध्ये जी चर्चा झाली तिचा मला मनापासून त्रास झाला. मुंबईचे क्रिकेट संपले, या मुलांना रणजीची किंमत राहिलेली नाही, असे जाणकार म्हणवणारी मंडळीही बोलत होती. आदल्याच मोसमात, मार्च २०२४ मध्ये, याच संघाने वानखेडेवर विदर्भाचा १६९ धावांनी पराभव करून ४२ वे विजेतेपद मिळवले होते, हे कोणाच्याही बोलण्यात आले नाही. विजेतेपदानंतरच्या वर्षी उपांत्य फेरी गाठणेही अपयश ठरत असेल, तर आपण संघाकडून नेमके काय मागत आहोत?

प्रतिसाद : जुना स्कोअरर

या अपेक्षेचे मूळ १९५८-५९ ते १९७२-७३ या काळातील सलग १५ विजेतेपदांत आहे. तो पराक्रम अतुलनीय आहे, मात्र तो ज्या रचनेत घडला ती आता उरलेली नाही. तेव्हा स्पर्धा विभागवार होती. पश्चिम विभागातील महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांच्याशी खेळून वर आले की बाद फेरी सुरू होत असे. कसोटी सामने कमी असल्यामुळे वाडेकर, सरदेसाई यांच्यासारखे फलंदाज रणजीसाठी बहुधा उपलब्ध असत. आज एलिट म्हणजे वरच्या विभागातच ३२ संघ आहेत, गटात सात सामने खेळावे लागतात आणि त्यानंतर बाद फेरीचे तीन. त्यातच भारतीय संघाच्या दौऱ्यांमुळे उत्तम खेळाडू मोसमाचा मोठा भाग बाहेर असतात.

शिवाय त्या सुवर्णकाळानंतरही मुंबई हरलेली आहेच. १९९०-९१ चा अंतिम सामना वानखेडेवर हरियाणाने अवघ्या दोन धावांनी जिंकला आणि नाबाद १३९ धावा करूनही मुंबईच्या वेंगसरकरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या संघाला कोणी नालायक म्हणेल का?

प्रतिसाद : वैदर्भीय

नागपूरहून लिहीत आहे. मुंबईचे चाहते पराभवाचे कारण नेहमी स्वतःच्याच संघात शोधतात, समोरचा संघ चांगला खेळला ही शक्यता त्यांच्या मनात येतच नाही, याचे आम्हांला वाईट वाटते. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा दोनदा करंडक जिंकला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. पहिल्या दोन विजयांच्या वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते आणि तिसऱ्या क्रमांकावर वसीम जाफर होता. दोघेही मुंबईच्याच क्रिकेटमध्ये घडलेले. पुढे पंडितांच्याच मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईला हरवले. मुंबईची शिस्त आणि चिवटपणा इतरांनी आत्मसात केला असेल, तर मुंबईकरांना त्याचा अभिमानच वाटायला हवा.

प्रतिसाद : खडूस फलंदाजी

वरील दोन्ही प्रतिसादांतील तपशील मान्य करूनही मी अपेक्षा सोडायला तयार नाही. २००६-०७ मध्ये मुंबई पहिले तिन्ही सामने हरली होती. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना पाच गडी बाद झाले होते, तरीही कर्णधार अमोल मुजुमदारच्या संघाने त्या वर्षी करंडक जिंकला. २०२४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी दहाव्या व अकराव्या क्रमांकावर येऊन शतके ठोकली. हार न मानण्याची ही सवय 'जिंकायलाच हवे' अशा वातावरणातच रुजते.

माझा राग पराभवावर नाही. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध रोहित, यशस्वी, रहाणे आणि श्रेयस संघात असताना पहिला डाव १२० धावांत आटोपला, याबद्दल जाब विचारणे मात्र चाहत्याचा हक्क आहे.

प्रतिसाद : मैदानकट्टा

खडूस फलंदाजी, जाब विचारण्याबद्दल आपले मत पटले. परंतु त्याच सामन्यात शार्दूल ठाकूरने पहिल्या डावात अर्धशतक आणि दुसऱ्या डावात शतक केले, आणि जम्मू-काश्मीरच्या उमर नझीरने आपल्या अनुभवी फलंदाजांना अप्रतिम गोलंदाजी केली, हेही त्याच दमात सांगायला हवे. माझी तक्रार करंडकाची आस धरण्याबद्दल नाही. उपांत्य फेरीपर्यंत लढलेल्या मुलांना कामचुकार ठरवण्याबद्दल आहे. वैदर्भीय, आपल्या संघाच्या तिसऱ्या विजेतेपदाबद्दल उशिरा का होईना, पण मनःपूर्वक अभिनंदन.