एंडलर माशांसाठी पाणी जड (जास्त क्षारांचं) कसं करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून माझ्याकडे १२ एंडलर आहेत. गप्पीचेच भाऊबंद, थेट पिल्लं देणारे. नर जेमतेम अडीच सेंटिमीटर, पण रंग असे की नजर हटत नाही. मूळ घर व्हेनेझुएलात, कुमाना शहराजवळचं लागुना दे पातोस हे तळं. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांना ते १९७५ मध्ये तिथेच सापडले. तिथलं पाणी उबदार, जड आणि शेवाळाने हिरवंगार. आमच्या मुंबईच्या नळाचं मात्र हलकं. माद्या पंख मिटून कोपऱ्यात बसतात, बघून जीव तुटतो. टाकी ६० लिटरची आहे. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा किती घालू? हिरवं पाणी तसंच राहू देऊ का? गप्पी सोबत सोडायचे नाहीत, संकर होतो.