लेपर्ड गेको: दोघींना एकाच पेटीत ठेवावे की वेगवेगळे?

लेस्टरकर:
नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. चार महिन्यांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला येथील एका दुकानातून दोन लेपर्ड गेको (पाळीव ठिपकेदार पाली) आणले. दोन्ही माद्या असून एकत्रच वाढल्या आहेत, त्यामुळे पुढेही एकत्र राहतील, असे दुकानदाराने सांगितले होते. मुलीने त्यांची नावे चकली आणि शेव अशी ठेवली. दोघींचे वय साधारण दहा महिने आहे. ९० सेंटीमीटर लांबीच्या एकाच लाकडी पेटीत त्या राहतात, आणि दिवसभर उबदार बाजूच्या गुहेत चकली शेवच्या पाठीवर चढून झोपलेली असते. मुलीच्या मते त्या एकमेकींना मिठी मारून झोपतात. मलाही तसेच वाटत होते. परंतु परवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले, तेव्हा चकली ५२ ग्रॅम भरली आणि शेव केवळ ३८ ग्रॅम. शेवची शेपटी मुळाशी बारीक झाली आहे आणि टोकाजवळ एक लहानशी खपली दिसते. भांडताना मात्र आम्ही त्यांना एकदाही पाहिलेले नाही. दुसरी पेटी घ्यायची म्हणजे जागेचा आणि खर्चाचा प्रश्न आहे, म्हणून आधी जाणकारांचे मत विचारतो.

रातकिडा:
आजच वेगळ्या करा, पेटी नंतर घ्या. झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात कागदी टॉवेल, दोन लपण (लपायच्या जागा), पाण्याची वाटी आणि एका टोकाखाली थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारे यंत्र) लावलेली उष्णतेची चटई, एवढ्यावर शेवचे काही आठवडे व्यवस्थित निघतील.

पाठीवर चढून झोपणे ही मिठी नव्हे. पेटीत ३२ अंशांच्या आसपास गरम राहणारी एकच जागा असेल, तर दोघींनाही तीच हवी असते. अन्न पचवण्यासाठी त्यांना पोटाखाली ऊब लागते आणि जी दांडगी असते ती वर बसते. भांडण तुम्हाला दिसले नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण हे प्राणी संध्याकाळनंतर हिंडतात आणि त्यांची दांडगाई बहुधा मूक असते: एकीने नुसते समोर उभे राहून टक लावून पाहिले की दुसरी अळ्यांच्या वाटीकडे फिरकत नाही. लेपर्ड गेकोची चरबी शेपटीत साठते, म्हणून शेपटी बारीक होणे म्हणजे साठवणीतले संपत येणे. टोकाजवळची खपली चाव्याची असू शकते. पुढचा चावा जोराचा बसला तर शेपटी तुटून पडेल. ती पुन्हा येते, पण आखूड आणि मुळ्यासारखी फुगीर.

दुसरे म्हणजे लिंग स्वतः तपासा. पारदर्शक डब्यात ठेवून खालून मोबाइलने फोटो काढा. मागच्या पायांच्या मध्ये उलट्या व्ही आकारात ठळक छिद्रांची रांग आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसले, तर तो नर. अंडी कोणत्या तापमानाला उबवली यावर या प्राण्यांचे लिंग ठरते, त्यामुळे कित्येक विक्रेते पिल्लांना उबवणीच्या तापमानावरूनच मादी म्हणून विकतात. तो अंदाज असतो, खात्री नव्हे.

जुना_पाळक:
रातकिडा यांच्या सल्ल्याशी सहमत आहे, तरी सरसकट विधानाला माझा थोडा विरोध आहे. मी सहा वर्षे तीन माद्या एकत्र ठेवल्या आणि त्यांच्यात कधी रक्त निघाले नाही. प्रजनन करणारे लोक एका नराबरोबर अनेक माद्या ठेवतातच. मात्र माझी पेटी तुमच्या दुप्पट होती, प्रत्येकीला उबदार, थंड आणि कात टाकण्यासाठी दमट अशी स्वतंत्र लपणे होती, प्रत्येकीला चिमट्याने वेगळे भरवले जाई आणि दर रविवारी वजन होई. शिवाय तीन रिकाम्या पेट्या फडताळात तयार ठेवाव्या लागत. म्हणजे एकत्र ठेवून माझी जागा वाचली, असे काही झाले नाही! पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी हे करायला सांगणार नाही. दोन नर तर कधीही एकत्र नकोत.

परिचारिका_लीड्स:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. एक गोष्ट राहून गेली आहे. वजन घटल्याचा सगळा दोष चकलीवर टाकून मोकळे होऊ नका. आतड्यातील कृमी किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी यांमुळेही शेपटी अशीच बारीक होते, आणि एकत्र पेटीत विष्ठा कोणाची हे कळतच नाही. वेगळी केल्यावर शेवची ताजी विष्ठा डबीत घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे तपासायला द्या. अहवाल येईपर्यंत चिमटा, वाटी, सगळे वेगळे ठेवा आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या पेटीत घालू नका.

त्याच पेटीत मध्ये काच बसवण्याचा मोह होईल, तो टाळावा. ९० सेंटीमीटरचे दोन भाग केले तर उबदार आणि थंड टोकांमध्ये पुरेसे अंतर उरत नाही, आणि काचेतून दोघी एकमेकींना दिवसरात्र पाहत राहतात. येथील २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात पाळकाने भागवायच्या गरजांमध्ये इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे राहण्याची गरजही लिहिलेली आहे, हे दुकानदाराला जरूर ऐकवा.

लेस्टरकर:
तीन आठवड्यांनी लिहितो आहे. त्याच रात्री शेवला डब्यात हलवले. पहिले दोन दिवस ती बाहेर आली नाही, तिसऱ्या रात्री मात्र तिने लागोपाठ पाच रातकिडे खाल्ले. विष्ठेत कृमी निघाले, त्यावर औषध सुरू आहे. काल तिचे वजन ४३ ग्रॅम भरले. चकलीचा फोटो काढला, तर छिद्रांची रांग अगदी आखल्यासारखी स्पष्ट! डॉक्टरांनीही नर असल्याचे सांगितले. मुलगी नाव बदलायला तयार नाही, त्यामुळे आता आमच्या घरात ‘तो चकली’ आहे. शेवने अंडी घातली तर काय करावे?

रातकिडा:
शक्यता धरून चला. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे वेगळी केल्यावरही ती काही महिने फलित अंडी घालू शकते. बहुधा एका वेळी दोन. ओलसर व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) भरलेला, एका बाजूने दार कापलेला डबा तिच्याकडे आत्ताच ठेवा. पोटाच्या कातडीतून दोन लांबट पांढुरके आकार दिसू लागले की ती अंडी आहेत असे समजा. कॅल्शियमची पूड एका लहान झाकणात कायम असू द्या, कारण अंड्यांच्या कवचांसाठी कॅल्शियम कमी पडले तर ते तिच्याच हाडांतून घेतले जाते आणि अशक्त मादीला ते झेपत नाही. पिल्ले नको असतील तर अंडी त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. शेव जमिनीवर नुसती उकरत राहिली आणि दोन दिवसांत अंडी आली नाहीत, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.