देवगडच्या सड्यावरून वाड्यांना नेट द्यायचंय, बॅकहॉल कसा करावा?

हापूसवाला:
नमस्कार मंडळी, देवगडजवळ सहा वाड्या मिळून दीडशे घरांना वायरलेसवर नेट द्यायचं चाललंय, फायबर बाजारपेठेपर्यंत आलाय, तिथून सडा (डोंगरावरचं जांभ्याचं पठार) १० किलोमीटर. डोक्यात असं आहे की सड्यावर ६० फुटी टॉवर, त्यावर एक मोठा ऑम्नी (चारी बाजूंना सिग्नल फेकणारा) अँटेना, पुढे वाड्यांत मेश (एक रेडिओ दुसऱ्याला सिग्नल पुढे देतो तसं जाळं), आणि बॅकहॉलला (फायबरपासून टॉवरपर्यंतच्या मुख्य लिंकला) ५.८ गिगाहर्ट्झची डिश जोडी. दुकानदार म्हणतो हे रेडिओ १५ किलोमीटर आरामात जातात. सामानाची यादी द्या की कोणीतरी.

डीबीवाला:
यादी राहू दे, आधी हिशोब. लिंक किती लांब जाते हे बघू नका, रात्री आठला किती लागणार ते बघा. सगळ्यांचे टीव्ही-मोबाईल चालू, घरामागे सरासरी २-३ एमबीपीएस धरा, झाले ३०० ते ४५०. आता १० किमीला ५.८ वर पाथ लॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) साधारण १२८ डीबी (डेसिबल), आपल्याकडे ५७२५-५८७५ मेगाहर्ट्झमध्ये ईआयआरपीची (रेडिओची पॉवर अधिक डिशचा गेन) मर्यादा ३६ डीबीएम, म्हणजे ३० डीबीआयची डिश लावली की रेडिओची पॉवर ६ डीबीएमवर आणावी लागते, समोरची डिशही ३० ची धरली तर हातात येतात उणे ६२ डीबीएमच्या आसपास. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर स्क्रीनवर जवळपास ६०० एमबीपीएस दिसेल, पण प्रत्यक्षात जाता-येता मिळून ३०० मिळाले तरी नशीब. म्हणजे पहिल्याच सीझनला बोंब. ग्रामपंचायतीत भारतनेटचा (सरकारी योजनेचा) फायबर चालू आहे का, किंवा कोणाचा फायबर सड्याच्या जवळून जातोय का, ते आधी शोधा, लिंक ३ किमीवर आली की १० डीबी फुकटात मिळतात.

आणि ऑम्नी नकोच हो. चारी बाजूंचा कचरा ऐकतो. वाड्या आहेत तिकडे ९० अंशाचे सेक्टर (एकाच बाजूला सिग्नल देणारे अँटेना) लावा, समुद्राला नेट देऊन काय उपयोग. मेशमध्ये एकाच रेडिओवर पुढे ढकललं की दर हॉपला (टप्प्याला) स्पीड निम्मा.

जांभ्या दगड:
वरच्यांशी सहमत, फक्त झाडांचं कोणी बोललं नाही. १० किमीच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची (सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या ११ मीटरच्या वर जाते, त्यातलं ६० टक्के तरी मोकळं हवं, वर पृथ्वीच्या गोलाईचा दीड मीटर. गूगल अर्थचं प्रोफाइल जमीन दाखवतं, त्यावरची कलमं आणि माड नाही दाखवत, तेव्हा दुर्बीण घेऊन स्वतः सड्यावर चढा.

दुसरं म्हणजे अर्थिंग. जांभ्यावर रेझिस्टन्स खाली येतच नाही, एका रॉडवर भागत नाही, खाली मातीत पट्टी नेऊन चार-पाच रॉड जोडा, नाहीतर मे महिन्यातल्या पहिल्या गडगडाटात पोर्ट जळणार. क्लॅम्प-बोल्ट स्टेनलेसचेच, खारा वारा बाकीचं खातो.

हापूसवाला:
बापरे, बरं झालं विचारलं. ग्रामपंचायतीत एक पेटी बसवलेली दिसते, चालू आहे का बघतो. आणि ६० गिगाहर्ट्झचं काय? भाचा म्हणतो गिगाबिट देतं.

डीबीवाला:
देतं, पण हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डीबीच्या आसपास खातो, वर कोकणातला पाऊस. पाचशे मीटरच्या पुढे विचार करू नका, आणि बाहेर लावायची परवानगी आहे का तेही आधी बघा. तसंच नेट विकायचं तर आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) लायसन्स लागतं, नाहीतर एखाद्या आयएसपीची फ्रँचायझी घ्या. नुसते हॉटस्पॉट करायचे असतील तर पीएम-वाणीत (सार्वजनिक वायफायची सरकारी योजना) पीडीओ (हॉटस्पॉट चालवणारा) व्हा, त्याला लायसन्स लागत नाही. त्या पेटीतला फायबर चालू निघाला तर लोकेशन टाका, लिंक नव्याने मांडून देतो.