डासांवर घरगुती उपाय काय?
संध्याकाळ झाली की घरात डासच डास, बाळ दीड वर्षाचं आहे म्हणून कॉइल लावायची भीती वाटते, धुराने त्याला खोकला होतो. नैसर्गिक असं काही आहे का, प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
आधी साचलेलं पाणी शोधा! कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करायचं आणि नुसतं ओतून भागत नाही हं, भांडं आतून घासायचं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात.

प्रतिसाद २:
हौद असेल तर गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. बाळाला मच्छरदाणीच बेस्ट, दुपारी झोपतानाही लावा, डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. फॅनच्या वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही, तोही फायदा. निलगिरीचं तेल वगैरे एवढ्या लहान बाळाला लावू नका, प्लीज.

प्रश्नकर्ती:
थँक्यू, फ्रिजचा ट्रे आत्ताच बघितला, अळ्या वळवळत होत्या!! घासून ठेवला.