लघवीची दुखणी: जे चारचौघांत बोलत नाही ते इथे लिहूया (अनुभव धागा)

रात्रीचे सव्वातीन वाजलेत, आत्ता चौथ्यांदा बाथरूमला जाऊन आलोय आणि झोप काही येत नाही म्हणून हे टाइप करतोय. सध्या माझ्या डाव्या किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत २६ सेंटीमीटरची एक बारीक नळी घातलेली आहे, डीजे स्टेंट म्हणतात तिला. दोन्ही टोकांना वेटोळी असतात. वरचं वेटोळं किडनीत अडकतं, खालचं पिशवीत, आणि ते खालचं दिवसरात्र पिशवीला आतून टोचत राहतं, त्यामुळे पिशवी रिकामी असली तरी तिला वाटतं भरलीय. त्यात लघवी करताना कंबरेत सण्णकन कळ जाते, कारण नळीतून थोडी लघवी उलटी वर चढते. हे मला ऑपरेशनआधी कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेलही, मी ऐकायच्या अवस्थेत नव्हतो.)

दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत ४ मिलीमीटरचा खडा दिसला होता. पाणी पीत जा म्हणाले, महिनाभर प्यायलो, मग विसरलो. गेल्या महिन्यात पहाटे कळ सुरू झाली, कुशीवर वळलो, उताणा झालो, गुडघे पोटाशी घेतले, कशानेच उतार नाही, शेवटी बाथरूमच्या गार फरशीला गाल लावून पडलो होतो. उलट्या वेगळ्याच. बायकोला वाटलं अपेंडिक्स. खडा ८ मिलीमीटरचा होऊन मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून पिशवीकडे लघवी नेणाऱ्या शरीरातल्या नळीत, अडकला होता. ही नळी मुळात जेमतेम ३-४ मिलीमीटर रुंद, त्यात तीन अरुंद जागा: किडनीतून निघते तिथे, मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि पिशवीत शिरते तिथे. माझा खडा तिसऱ्या नाक्यावर. मला वाटायचं खड्याची टोकं टोचतात म्हणून दुखतं, तर मुख्य दुखणं असतं ते वर लघवी तुंबून नळी आणि किडनी ताणली जाते त्याचं. दुर्बीण घालून लेझरने फोडला आणि आत हा स्टेंट ठेवून दिला.

गुडघ्याबद्दल माणसं तासभर बोलतात, लघवीचं म्हटलं की आवाज खाली जातो. म्हणून हा धागा. लिहा.

* * *

मी लिहिते. माझं रोखून धरण्याचं. ऑफिसचं टॉयलेट इतकं घाण की सकाळी नऊला घरून निघाले की थेट संध्याकाळी घरीच, आणि जायला लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही, अशी चार वर्षं काढली आणि वर मैत्रिणींना सांगायचे की मला सवय आहे. मग उन्हाळी लागली. म्हणजे मला उन्हाळीच वाटली, थेंब थेंब लघवी आणि आग, म्हटलं पाणी कमी पडलं. घरात आधीच्या कुठल्यातरी आजाराच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या, दोन घेतल्या, बरं वाटलं, बंद केल्या. महिन्याने परत तेच, परत उरलेल्या दोन. तिसऱ्या वेळी थंडी वाजून ताप, दात वाजत होते आणि उजव्या बाजूला बरगडीखाली पाठीत नुसता हात लागला तरी किंचाळत होते. इन्फेक्शन पिशवीतून चढून किडनीत गेलं होतं. लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय निघाला, म्हणजे आपल्याच आतड्यात राहणारा जंतू, आणि मी घेत होते त्या औषधाला तो आता दाद देत नव्हता. पाच दिवस सलाईनमधून इंजेक्शनं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या होत्या. बायकांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटीमीटर, पुरुषांचा १८-२०. जंतूला आमच्याकडे अंतरच नाही चालायला. त्यात लघवी वारंवार होत राहिली तर जंतू धुऊन निघतात, आणि मी नेमकं तेच बंद केलेलं. अजून एक, कल्चरला नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचा. मी गोळी घेऊन गेले होते, पहिला रिपोर्ट काहीच नाही असा आला.

* * *

ताई, जळजळीवर ती फेनाझोपायरिडीनची गोळी दिली होती का? मला दिली होती, लघवी भडक केशरी होते हे मात्र सांगितलं नाही. मी रक्त समजून रात्री दीडला भावाला उठवून दवाखाना गाठला. तिथला डॉक्टर हसला. आतल्या कपड्यांवरचे डाग अजून गेले नाहीत.

* * *

वरच्या प्रतिसादावर हसलो, पण माझं उलटं झालं. मला खरंच रक्त आलं आणि मी काहीतरी खाण्यात आलं असेल म्हणून सोडून दिलं. दुखत नव्हतं ना. एक दिवस लाल, मग तीन महिने स्वच्छ, मग परत एकदा लाल. न दुखता लघवीतून येणारं रक्त हे दुखून येणाऱ्यापेक्षा जास्त संशयाने बघायचं असतं आणि आपोआप थांबलं म्हणून सोडायचं नसतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. दुर्बीण घालून बघितलं तर पिशवीच्या आत गाठ. मी स्क्रीनवर बघत होतो, गुलाबी भिंतीवर समुद्रातल्या वनस्पतीसारखं काहीतरी डुलत होतं. कॅन्सर, पण स्नायूच्या थरापर्यंत गेला नव्हता.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, सिगरेट किती वर्षं? बावीस. मी म्हटलं फुप्फुसं चांगली आहेत की माझी. तर म्हणाले धुरातली विषं रक्तात जातात, किडनी ती गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी तासन्‌तास पिशवीत बसून राहते. गाठ खरवडून काढली आणि नंतर सहा आठवडे दर आठवड्याला पिशवीत बीसीजी सोडलं. हो, क्षयाची लस असते तेच. नळीने सोडायचं, दोन तास धरून ठेवायचं आणि मग बसून लघवी करायची. त्याने पिशवीतली प्रतिकारशक्ती चाळवते म्हणे. दोन दिवस तापासारखं अंग दुखायचं. आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण. सवय होत नाही, पण जातो.

* * *

बाबांचं लिहितो, ते स्वतः कधी लिहिणार नाहीत. वय ७१. धार बारीक झालेली, रात्री चार-पाच वेळा उठणं, सगळं वयामुळे म्हणून चालवून घेतलेलं. सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळी आणली, दोन घेतल्या आणि संध्याकाळपासून लघवी बंद. रात्री अकरापर्यंत आईलाही बोलले नाहीत, नुसते येरझाऱ्या घालत होते. मी बघितलं तर बेंबीखाली पोट टणक झालेलं, घामाने बनियन ओलं. नळी घातल्यावर १२०० मिली लघवी निघाली. पिशवीत एरवी ४००-५०० मावते. नळीतून लघवी यायला लागल्यावर त्यांचा चेहरा जो सैल झाला तो मी विसरणार नाही, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरून ठेवला.

प्रोस्टेट ही पुरुषांतली ग्रंथी मूत्रमार्गाच्या भोवती असते, ती वाढली की मधला रस्ता दाबते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधली औषधं पिशवीचं तोंड आवळतात नाहीतर पिशवीचा जोर कमी करतात, म्हणजे आधीच अर्धं मिटलेलं दार पूर्ण मिटतं. पुढे दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन दिवस एका बाटलीतून पिशवीत सतत पाणी सोडतात नि दुसरीकडून काढतात, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. लाल, मग गुलाबी, मग पाण्यासारखं. आम्ही आळीपाळीने त्या बॅगचा रंग बघत बसायचो.

* * *

मुलगा आठ वर्षांचा, अंथरूण ओलं करायचा. ओरडून झालं, रात्री उठवून झालं, बक्षीस लावून झालं. डॉक्टरांनी लघवीचं सोडून शौचाचं विचारायला सुरुवात केली तेव्हा मला रागच आला. पण त्याला बद्धकोष्ठ होतं आणि भरलेलं आतडं पुढच्या पिशवीला दाबतं. ते सुधारल्यावरच निम्मं कमी झालं. बाकीचं ओलावा लागताच वाजणाऱ्या अलार्मने, तीन महिने लागले, सुरुवातीला घरातले सगळे जागे व्हायचे, हा सोडून. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, याचा बाबाही नऊ वर्षांचा होईपर्यंत करायचा. नवरा त्या दिवशी एकदम गप्प.

आणि माझं स्वतःचं, दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकले की थोडी व्हायची. खालचे स्नायू आवळायचे व्यायाम मी लघवी करताना धार थांबवून करत होते, तसं रोज करायचं नसतं. पिशवी रिकामी करून, श्वास न कोंडता.

* * *

मला घोड्याच्या नालेची किडनी आहे. दोन किडन्या खालच्या टोकाला जन्मतःच जोडलेल्या. वयाच्या ४३ व्या वर्षी भलत्याच तपासणीत कळलं. काहीही त्रास नाही, फक्त खडे व्हायची शक्यता थोडी जास्त. एवढंच.

* * *

मीच परत, धागा सुरू करणारा. काल स्टेंट काढला. भूल नाही, नुसती बधिर करणारी जेली, दुर्बिणीतून चिमट्याने धरून ओढला, दोन मिनिटं. मी मागून घेऊन बघितला, खालच्या वेटोळ्यावर बारीक रेतीसारखा थर बसायला लागला होता, तीन आठवड्यांत. काही लोक स्टेंट आत आहे हेच विसरतात आणि मग त्यावरच खडा धरतो म्हणाले, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

खडा कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला, बहुतेकांचा तोच असतो. मला वाटलं आता कॅल्शियम बंद, तर नाही, ते नेहमीइतकं घ्यायचं, मीठ कमी करायचं. आणि पाणी किती प्यायलं ते मोजू नका, लघवी किती झाली ते मोजा, दिवसाला अडीच लिटर हवी. बाथरूममध्ये मापाचं भांडं ठेवलंय. पहिल्या दिवशी ११०० मिली भरली, आणि मी स्वतःला भरपूर पाणी पिणारा समजत होतो.

रात्री एकदाही उठलो नाही.